अकरा फेरे

"ह्याच्यापेक्षा माझ्या बायकोचा मिक्सर मोठा हाय," मी म्हणालो, आणि तो पंप तळहातावर तोलून सगळ्यांना दाखवला.

पांचगणीत वागळेसाहेबांच्या बंगल्यामागं बॉयलरची खोली होती, तिथं आम्ही उभे होतो. उस्मानचाचा मुजावर, म्हणजे माझे उस्ताद, उलट्या बादलीवर बसलेले. साहेब आणि त्यांच्या बाईसाहेब दारात. आणि लक्ष्मण ढेबे, ज्याला सगळे फौजी म्हणायचे, तो भिंतीला टेकून काहीच न बोलता उभा. त्याचं ते न बोलणंच पहिल्या दिवसापासून माझ्या डोक्यात जायचं.

"बंगला दोन मजली," मी पुढं चाललो. "वर चार पेट्या, खाली पाच. एवढं पाणी वर चढवायचंय, आणि हे नव्वद वॅटचं खेळणं चढवणार? मी साताऱ्याहून एक एचपीची मोटर आणलीय. बाहेर टेम्पोत हाय. लावतो आणि दाखवतो."

वागळेसाहेब बोटीवर इंजिनियर होते. निवृत्त होऊन डोंगरावर राहायला आले आणि बाईसाहेबांच्या संधिवातानं उचल खाल्ली. पांचगणीची थंडी आणि धुकं, त्यात त्यांची बोटं आल्याच्या गड्ड्यासारखी झालेली. घरातसुद्धा हातांत लोकरीचे मोजे घालून बसायच्या. म्हणून साहेबांनी सगळं घर गरम पाण्यानं तापवायचा घाट घातला होता. मागच्या खोलीत डिझेलचा बॉयलर, प्रत्येक खोलीत भिंतीला लोखंडी फासळ्यांची एक पेटी, आणि पाइपातून गरम पाणी ह्या पेटीतून त्या पेटीत फिरून परत बॉयलरला यायचं. आमच्या भागात असलं काम कुणी बघितलेलंसुद्धा नव्हतं. माझा विश्वास होता की मोटर ती मोटर आणि पाइप तो पाइप.

चाचांनी माझ्याकडं बघितलं नाही. म्हणाले, "फौजी, तुम्ही सांगा ह्याला."

तुम्ही. आणि ह्याला.

चौदा वर्षं मी चाचांच्या हाताखाली होतो. चौदा वर्षांत मला हणम्या, गाढवा, भोपळ्या आणि रागात असले तर ह्याहून वाईट. हणमंत ओंबळे हे माझं नाव त्यांना ठाऊक तरी आहे का अशी शंका यावी. आणि हा ढेबे, फौजेत सतरा वर्षं काढून, लडाखात असलेच बॉयलर चालवून आलेला, चार महिन्यांपूर्वी दुकानाची पायरी चढला आणि पहिल्या वाक्यापासून "तुम्ही". "या फौजी, बसा फौजी, तुम्हाला काय वाटतं फौजी." माझ्या मनात तो शब्द कुसळासारखा रुतला होता.

फौजीनं पंप माझ्या हातातून घेतला. हिसकावला नाही, घेतला. त्याचाही मला राग आला.

"जत्रेतला पाळणा बघितलास ना, हणमंत? लाकडी, हातानं फिरवायचा?"

"बसलोय त्यात. पुढं बोल."

"चारी पाळण्यांत माणसं भरली की त्यो एकटा गडी ढकलून फिरवतो. आठ-धा माणसं वर उचलतो म्हणून न्हवं. जेवढी वर जात्यात तेवढीच दुसऱ्या अंगानं खाली येत्यात. वजन वजनाला तोलतं. गड्याला फक्त आसाची घासण मोडायची असती." त्यानं पाइपाकडं बोट केलं. "हे तसंच. पाइप आधी गच्च भरायचा, हवा सगळी काढायची. मग पाणी चढवायचं नसतं. फिरवायचं असतं. वर गेलेलं पाणी परतीच्या पाइपानं खाली येतं आणि येताना मागच्याला वर वढतं. तुझी एक एचपी लावली तर पाइप शिट्ट्या मारतील आणि माळ्यावरच्या टाकीतनं पाणी उडंल."

"म्हणजे हा पंप म्हणजे पाळणा ढकलणारा गडी!" बाईसाहेब म्हणाल्या आणि मोजे घातलेले हात एकमेकांवर आपटून हसल्या.

साहेब हसले. चाचासुद्धा हसले. मी टेम्पोवाल्याला सांगितलं, मोटर परत घेऊन जा. त्यानं सगळ्यांदेखत विचारलं, "का वं, ओंबळे, छोटी पडली काय?"

त्या हसण्याला आता बावीस वर्षं झाली. अजून ऐकू येतं.

फौजी बिचारा खरं तर मला शिकवतच राहिला. पंप पाइपात बसवताना त्यानं मला जवळ बोलावलं. "ह्याची मोटर पाण्यातच बुडलेली असती बघ. त्येच पाणी तिचं तेल, त्येच तिचा पंखा. पाणी फिरतंय तोवर ती पन्नास वर्षं मरत न्हाई. पाणी अडलं की गेली. म्हणून दोन्ही अंगाला कॉक ठेवायचे, पंप काढायला लागला तर पाणी सांडू नये म्हणून. पण चालू करताना दोन्ही उघडे पाहिजेत."

मी मान हलवली. मी ते सगळं नीट ऐकून घेतलं. माणूस शिकतो तेव्हा काय करायला शिकतोय हे त्याला कुठं माहीत असतं.

खरी गोष्ट वेगळीच होती. चाचांना मुलगा नव्हता. लेक नसीम मिरजेला दिलेली. चाचांचे दोन्ही गुडघे गेले होते, आणि ईद झाली की ते लेकीकडं कायमचे जाणार होते. दुकान म्हणजे आठ बाय दहाचा गाळा, पाइपाला आटे पाडायचं यंत्र आणि भिंतीवर टांगलेले पाने. पण पांचगणीतल्या शाळा, होस्टेलं, बंगले, कुठंही पाणी अडलं की एकच वाक्य निघायचं: मुजावरला बोलवा. ते वाक्य कुणाच्या वाट्याला जाणार, एवढाच प्रश्न होता. चाचा त्यावर एक अक्षर बोलले नव्हते. आणि दुकान सोडायच्या तोंडावर त्यांनी परक्या माणसाला आणून बसवलं होतं.

माझी बायको शालन भाकरी थापता थापता म्हणायची, "चौदा वर्षं तुम्ही पाने पुसले. आता दुकान फौजी पुसून नेईल."

"गप बस."

"मी गप बसते. तुम्ही पण गपच बसा. तेवढंच येतंय तुम्हाला."

मी मोजू लागलो. चहा आला की पहिला ग्लास फौजीला. दुपारी भाकरी सोडली की चाचांच्या डब्यातला खिमा आधी फौजीच्या झाकणात, उरला तर माझ्या. पूर्वी चाचा गुडघा धरून उठायचे तेव्हा हात माझ्याकडं यायचा. ते अजून माझ्याकडंच हात करत होते, पण ते मी मोजत नव्हतो. जळणारा माणूस हिशेबाला पक्का आणि बेरजेला खोटा असतो.

शुक्रवारी काम संपलं. पाइप भरले, प्रत्येक पेटीच्या डोक्यावरचा स्क्रू ढिला करून फौजीनं हवा काढली. फुस्स करून हवा जायची, मग पाण्याचा थेंब यायचा, मग स्क्रू बंद. नऊ पेट्या, नऊ वेळा. पंपाच्या तोंडावरचा मोठा स्क्रूसुद्धा ढिला करून त्यातली हवा काढली. संध्याकाळी चार वाजता बॉयलर पेटवायचा ठरलं. बाईसाहेबांना मुहूर्त हवा होता, तो चारचा निघाला.

मग चाचांचा शेवटचा हात. आमच्या दुकानाची ती रीतच होती. काम कुणीही करो, चालू करायच्या आधी चाचा एकटे सगळ्या कॉकवरून फिरायचे. बिस्मिल्ला म्हणत प्रत्येक कॉक पूर्ण उघडायचे आणि अर्धा फेरा मागं घ्यायचे, म्हणजे तो जाम होत नाही. फक्त हातानं. चाकाला कधी पाना लावायचा नाही. "चाकाला पाना लावणारा मिस्त्री नसतो, कसाई असतो," हे मी चौदा वर्षांत चौदाशे वेळा ऐकलं होतं. चाचांचा हात फिरला की त्या कॉकला पुन्हा कुणी शिवायचं नाही. फौजीनंसुद्धा ही रीत मानली. चाचा फिरले तेव्हा तो हात मागं बांधून उभा राहिला, परेडला उभा राहावा तसा.

एक वाजता चाचा जुम्म्याच्या नमाजाला निघाले. "फौजी, तुम्ही मला मशिदीपाशी सोडा आणि डिझेलचा कॅन घेऊन या. हणम्या, तू इथंच थांब. जेव."

तुम्ही सोडा. तू थांब. दोघं स्कूटरवरून गेले. चाचांनी पडू नये म्हणून फौजीच्या कमरेला मिठी घातली होती. ती मिठी मी फाटक ओलांडून रस्त्यावर दिसेनाशी होईपर्यंत बघितली.

साहेब-बाईसाहेब आत जेवत होते. मी डबा उघडला आणि बंद केला.

पंपाच्या पुढचा कॉक पितळी होता, वर लाल रंगाचं लोखंडी चाक. असल्या कॉकची गंमत अशी की उघडा असो वा बंद, बाहेरून सारखाच दिसतो. चाक जागचं वर-खाली होत नाही. मी फिरवायला लागलो. मोजत होतो का कुणास ठाऊक, पण आकडा डोक्यात राहिला. अकरा फेरे. अकराव्याला तो बसला. हातानं पुरेसा बंद झाला होता. पण रागाला हात पुरत नाही. मी पाना घेतला, चाकाला लावला आणि वर पाव फेरा आवळला.

मला काय हवं होतं ते सांगतो. मला ते खेळणं जळायला हवं होतं. साहेबांनी म्हणायला हवं होतं की ओंबळेचं ऐकायला पाहिजे होतं. आणि चाचांनी फौजीकडं बघून तोंड फिरवायला हवं होतं. एवढंच. मी वाईट माणूस नाही असं मी त्या वेळी स्वतःला सांगितलंसुद्धा. पंप नवा आणता येतो, मी म्हणालो.

चार वाजता बाईसाहेबांनी बॉयलरला हळदकुंकू वाहिलं आणि नारळ वाढवला. पंपाच्या डोक्यावरही कुंकवाचं बोट लावलं. "गडी दादा, ढकला बरं का," त्या पंपाला म्हणाल्या. साहेबांनी बटण दाबलं. बॉयलर धडधडला. पंपाचा आवाज इतका बारीक की कान लावावा लागत होता.

सगळे दिवाणखान्यात गेले. बाईसाहेब पेटीसमोर खुर्ची ओढून बसल्या. हातांतले मोजे काढले आणि दोन्ही तळवे लोखंडावर ठेवले.

"थंड आहे हो."

"वेळ लागंल पाच मिनिटं," फौजी म्हणाला.

पाच झाली. दहा झाली. लोखंड बर्फासारखंच. मागच्या खोलीत बॉयलर किटलीसारखा खळखळायला लागला. तो आपोआप बंद पडायचा, थोड्या वेळानं पुन्हा पेटायचा, लगेच पुन्हा बंद. फौजी धावला. पंपाला हात लावला आणि चटकन मागं घेतला. पंपाचा स्क्रू ढिला केला. हवा नाही, वाफाळलेलं पाणी आलं. मग वर धावला, चारी पेट्यांचे स्क्रू तपासले. कुठंच हवा नाही.

मी दारात उभा. मला आतून गुदगुल्या होत होत्या. "काय फौजी, लडाखात पाणी उलटं फिरतंय काय?"

तो पुन्हा पंपावर वाकला. पण त्याच्या कपाळावर घाम होता आणि मी तो घाम डोळे भरून बघितला.

"साहेब," मी म्हणालो, "माझी एक एचपी अजून साताऱ्याच्या दुकानात हाय. सांगा, उद्या आणतो."

वागळेसाहेब वैतागले होते. "ढेबे, तुम्ही तर म्हणत होतात..."

"थांबा साहेब. पंप फिरतोय. पाणी कुठंतरी अडलंय."

"कॉक बघितलेत का?" साहेबांनी विचारलं.

"कॉक चाचांनी बघितलेत," फौजी म्हणाला. त्याच्या लेखी तो विषय तिथं संपला होता. ज्याच्यावर चाचांचा हात फिरला ते तपासायचं नाही. अर्धा तास तो सगळीकडं शोधत राहिला, तेवढी एक जागा सोडून. मी ते बघत होतो आणि तरी मला काही उमजत नव्हतं. जळणाऱ्या माणसाला फक्त समोरचा दिसतो.

शेवटी त्यानं सगळी यंत्रं सोडली आणि नुसता तळहात पाइपावर ठेवून चालायला लागला. बॉयलरपाशी गरम. पंपाच्या अलीकडं गरम. पंप चटका देणारा. कॉक. आणि कॉकच्या पलीकडं एका बोटाच्या अंतरावर गार.

तो थांबला. चाचा बादलीवर बसून सगळं बघत होते. तेही पुढं झुकले.

फौजीनं चाकाला हात घातला. त्याच्या मानेची शीर फुगली, दंड थरथरला, मनगट पांढरं पडलं. चाक एवढं घट्ट का, ते मला माहीत होतं. चाक सुटलं, तेव्हा तो अगदी सहज आवाजात म्हणाला, "हलका हाय. जरासा बंद राहिलाय."

तो फिरवू लागला. अकरा फेरे मी पुन्हा एकदा मोजले. पाइपात खळ्ळकन आवाज झाला. पलीकडचा गार पाइप त्याच्या हाताखाली तापत गेला असणार, कारण त्यानं डोळे मिटले. दोन मिनिटांत आतून बाईसाहेबांची किंकाळी आली. मला वाटलं भाजलं. पण ती आनंदाची होती. "अहो! अहो, या ना इकडं! बोटं उघडतायत माझी!"

साहेब आत पळाले. खोलीत आम्ही तिघं राहिलो.

चाचा आपल्या उजव्या हाताकडं बघत होते. हात मांडीवर, तळवा वर, जणू कुणी दुसऱ्यानं तिथं आणून ठेवलाय.

"तो कॉक माझ्या हातचा होता," ते म्हणाले.

तेव्हा कुठं मला कळलं मी काय बंद केलं होतं.

"चाचा, होतं कधी कधी," फौजी म्हणाला.

"होत न्हाई. पन्नास वर्षांत झालं न्हाई." त्यांनी बोटं मिटली, उघडली. "मागल्या महिन्यात होस्टेलचा प्लग ढिला राहिला, तो पण माझाच. मी कुणाला बोललो न्हाई. उघडतोय म्हणून मी बंद करून आलो, आणि मला पत्ता न्हाई. पंप जळला असता. बॉयलर... आत बाई बसलीय." ते थांबले. "संपलं. ईदपर्यंत थांबायचं न्हाई. हणम्या, उद्यापासून दुकान तू बघ. किल्ली घरून घेऊन जा."

चौदा वर्षं ज्यासाठी काढली ते वाक्य हे. मी तोंड उघडलं. आणि मिटलं. शालन बरोबर म्हणायची, गप बसणं तेवढं मला येतं.

मी उठवायला हात पुढं केला. पहिल्यांदाच त्यांनी तो धरला नाही. भिंतीला धरून उठले, कारण त्यांना स्वतःच्या हाताची लाज वाटत होती.

फौजी हत्यारं आवरायला थांबला. मीही थांबलो. चाचा साहेबांच्या गाडीतून गेल्यावर त्यानं मला खुणेनं बोलावलं आणि लाल चाकावर बोट ठेवलं. रंग दोन जागी खरवडला होता. पान्याच्या दातांच्या खुणा, ताज्या, लोखंड चमकणाऱ्या.

"चाचांनी जन्मात चाकाला पाना लावला न्हाई," तो म्हणाला.

मी खाली बघितलं. "सांगणार हायस?"

"न्हाई."

"का? दुकान पाहिजे होतं ना तुला?"

तो पहिल्यांदा चिडला. "कसलं दुकान? मला पुण्यात कंपनीची नोकरी लागलीय दोन महिने झाले. चाचांनी थांबवून घेतलं. म्हणाले, 'हे गरम पाण्याचं काम नवं हाय, आता डोंगरावर असलीच कामं येतील. माझ्या पोराला येत न्हाई. तो माझ्याकडनं शिकंल, तुमच्याकडनं शिकायला त्याचं नाक आडवं येतंय, पण तुम्ही त्याच्यासमोर काम करत राहा. बघून बघून शिकंल.' माझ्या पोराला म्हणाले. रोज तुझंच."

"मग तुला तुम्ही... चहा आधी तुला..."

"अरे गाढवा," फौजी म्हणाला, "पावण्याला आधी वाढत्यात. घरचा मागनं जेवतो. तुझ्या घरी काय उलटं हाय काय?"

बॉयलर धडधडत होता. नऊच्या नऊ पेट्या तापल्या होत्या. आतून बाईसाहेब साहेबांना हाका मारत होत्या, ह्या खोलीत या, त्या खोलीत या.

"आपला हात चुकला हे चाचा सोसतील," फौजी म्हणाला. "तुझा हात असा हाय हे सोसायचं न्हाई त्यांना. म्हणून मी बोलणार न्हाई. तू बोलायचं का न्हाई ते तू बघ." कपडा घेऊन त्यानं चाकाभोवती गुंडाळला, वरून सुतळी बांधली आणि निघून गेला. त्याला मी पुन्हा भेटलो नाही.

मी बोललो नाही. चाचा पुढच्या बुधवारी मिरजेला गेले. एसटीत त्यांची पेटी मीच चढवली. दुकान माझं झालं. मुजावरला बोलवा, असं लोक अजून म्हणायचे आणि मी जायचो. डोंगरावर खरंच तसली कामं आली. छोटे पंप मी डझनानं बसवले, पाळण्याचा दाखला लोकांना माझा म्हणून सांगितला. सगळे म्हणायचे, ओंबळेचा हात म्हणजे चाचांचा हात.

वर्षभरानं नसीमचा फोन आला. "भाऊ, एकदा येऊन जा. अब्बा कशाला हातच लावत नाहीत. मोरीतला नळ गळतोय तर म्हणतात बाहेरचा माणूस बोलाव. चहाचा कपसुद्धा दोन्ही हातांनी धरतात, पडेल म्हणून."

मी गेलो. चाचा ओसरीत खाटेवर बसलेले. मला बघून चेहरा असा फुलला की माझे पाय जागीच थांबले. "आला काय रं गाढवा! नसीम, बघ कोण आलंय. हणम्या, बस मागनं, आधी मोरीतला तो नळ बघ. रात्रंदिवस टिपटिप करतोय. त्याचा वायसर गेलाय. मला कळतंय, पण माझ्या हाताचा भरवसा न्हाई आता."

मी नळाजवळ गेलो. पिशवीतून पाना काढला. आणि ठेवून दिला. परत आलो आणि त्यांच्यासमोर जमिनीवर बसलो.

"चाचा, वागळेसाहेबांकडचा कॉक तुम्ही बंद केला न्हवता. मी केला होता. तुम्ही नमाजाला गेल्यावर."

नळ टिपटिप करत राहिला.

"हातानं?" त्यांनी विचारलं.

"आधी हातानं. मग पाना लावला."

"चाकाला?"

"व्हय."

त्यांनी डोळे मिटले. का केलंस, असं विचारलं नाही. विचारलं असतं तर मी रडलो असतो, पाय धरले असते, काहीतरी झालं असतं. ते खाटेची कड धरून उठले. मी हात पुढं केला, तो त्यांना दिसला नाही असं मी अजूनही म्हणतो. माझा पाना उचलून ते मोरीत गेले. खालचा कॉक बंद केला, नळाची टोपी काढली, जुना वायसर नखानं उचलून फेकला, कोनाड्यातल्या डबीतून नवा घेतला. हात जरासुद्धा कापत नव्हता. कॉक पूर्ण उघडला आणि अर्धा फेरा मागं घेतला. टिपटिप थांबली.

टॉवेलला हात पुसत ते बाहेर आले आणि माझ्या डोक्यावरून आत बघत म्हणाले, "नसीम, पाहुण्यांना चहा दे. आधी त्यांना दे." मग माझ्याकडं वळून, अगदी अदबीनं, "तुम्ही चहा घेऊन निघा, हणमंतराव. सव्वाचारला साताऱ्याची गाडी आहे. पुढची उशिरा लागते, तुम्हाला त्रास होईल."

चहा मी कसा प्यायलो आठवत नाही. गल्लीच्या तोंडाशी पोचलो तेव्हा नसीम ओढणी सावरत पळत मागून आली. तिचे डोळे भरलेले आणि ती हसत होती.

"भाऊ, काय सांगितलंत अब्बांना? तुमचा पाना घेऊन शेजारच्या काकूंकडं गेलेत. त्यांचा गिझर सहा महिने बंद होता, तो खोलून बसलेत. आणि काय ओरडतायत! म्हणतात, 'हा नट कुठल्या गाढवानं आवळलाय रं?' वर्षात पहिल्यांदा आवाज आलाय घरात. अल्ला तुमचं भलं करो."

"बरं झालं," मी म्हणालो.

खरोखरच बरं झालं होतं. त्यांचा हात त्यांना परत मिळाला होता. मी वळलो, स्टँडची वाट धरली, आणि खरं सांगतो, त्या क्षणीही मला काय वाटलं असेल तर हेवा. तो नट आवळणारा जो कोण अनोळखी गाढव असेल, त्याचा.